धोट्याचे नेढे आणि कापसाची धूळ

वस्त्रोद्योगाच्या इतिहासात यंत्रांची कथा विस्ताराने सांगितली जाते. त्या यंत्रांभोवती उडणाऱ्या धुळीची कथा क्वचितच सांगितली जाते. कापसाचे सूत जेथे जेथे यंत्रास पुरविले जाते, तेथे तेथे ते कशावर तरी घासते, आणि त्या घर्षणाने त्याच्या अंगावरील सैल तंतू सुटून उडू लागतात. हेच तंतू पुन्हा सुताच्या वाटेवर साचतात. मग सूत अडते, तुटते, किंवा तंतूंचा गोळा सुताबरोबर कापडात शिरून त्यात दोष उत्पन्न करतो. ही धूळ आवरण्यामागे आरंभापासून दोन हेतू संभवत होते. सूत निर्दोष राहावे हा एक, आणि कामगाराचा श्वास निर्मळ राहावा हा दुसरा. हे दोन हेतू एकच नव्हेत. पुष्कळदा पहिल्याच्या सिद्धीसाठी दुसऱ्याचा बळी गेला. धोटा या साध्या साधनाच्या इतिहासावरून हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धोटा हे मागास आडवे सूत पुरविणारे साधन होय. त्याच्या पोटात सुताची कांडी बसविलेली असते आणि सूत त्याच्या बाजूच्या नेढ्यातून बाहेर येते. इ. स. १७३३ मध्ये लँकेशायर परगण्यातील बरी येथील जॉन के याने दोरीच्या हिसक्याने धावणारा धोटा शोधून काढला. त्यामुळे विणकामाची गती वाढली. पुढे माग वाफेवर चालू लागले. गती वाढली तशी कांडीही लवकर संपू लागली, आणि नवी कांडी बसविताना तिचे सूत नेढ्यातून ओवून घेण्याचे काम वारंवार करावे लागले.

हे काम विणकर तोंडाने करीत. नेढ्याला ओठ लावावयाचे आणि एका दमात श्वास आत ओढावयाचा. त्याबरोबर सुताचे टोक बाहेर येई. एकेक विणकर, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, अनेक माग सांभाळीत असल्यामुळे ही क्रिया दिवसातून शेकडो वेळा घडे. सुताबरोबर तंतू, खळीची भुकटी, रंगाचे कण आणि तेलाचा अंशही तोंडात जाई. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागत असल्याने क्षयासारख्या रोगांच्या संसर्गाचे भय वेगळेच. ज्या श्वासाने नेढ्यातील अडथळा दूर होई, तोच श्वास धूळ छातीत नेई. नेढे स्वच्छ होई. फुप्फुस होत नसे.

या क्रियेला मिळालेली नावे भाषेच्या अभ्यासकास उद्बोधक वाटतील. गिरणीतील बोलीत तिला ‘धोट्याचे चुंबन’ म्हणत. वास्तविक येथे चुंबन नाही, शोषण आहे. परंतु रोजच्या कष्टाला थट्टेचे नाव देऊन तो सुसह्य करण्याची कामगारांची रीत सर्वत्र दिसते. अमेरिकेत या प्रथेविरुद्ध ओरड सुरू झाली तेव्हा त्याच रूपकाला ‘मृत्यूचे चुंबन’ असे कटू वळण मिळाले. कायद्याने मात्र दोन्ही नावे टाळून ‘शोषणाचा धोटा’ असा कोरडा शब्द योजला. पहिल्या नावात सवय आहे, दुसऱ्यात संताप आहे, तिसऱ्यात क्रियेचे यथार्थ वर्णन आहे. हानीचे नियमन करावयाचे तर प्रथम तिला यथार्थ नाव द्यावे लागते, हे यावरून दिसते.

उपाय नव्हता असे नाही. जेम्स नॉर्थ्रप या मूळच्या इंग्रज कारागिराने अमेरिकेत सिद्ध केलेला स्वयंचलित माग १८९५ च्या सुमारास बाजारात आला. त्यात कांडी आपोआप बदले आणि सूत धोट्याच्या खाचेतून आपोआप ओवले जाई. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये शोषणाच्या धोट्यास कायद्याने बंदी केली. लँकेशायरमध्ये ही प्रथा मोडून काढणारे विशेष नियम व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. या एक्केचाळीस वर्षांच्या अंतराची कारणे उघड आहेत. जुने माग चालू स्थितीत होते, नव्या धोट्यांचा खर्च मालकांस नको होता, आणि कापडाच्या मापावर मजुरी मिळणाऱ्या विणकरासही तोंडाची पद्धत सर्वांत जलद वाटत होती.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या व्याधीच्या नावाची कथाही अशीच आहे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कामकऱ्यांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात जवस व ताग यांचे तंतू विंचरणाऱ्यांच्या खोकल्याचे वर्णन केले होते. पुढे १८७७ मध्ये आद्रियाँ प्रूस्त या फ्रेंच वैद्याने ‘बायसिनोसिस’ ही संज्ञा वापरली. तिचे मूळ ‘बिसॉस’ या ग्रीक शब्दात असून त्याचा अर्थ जवसाच्या तंतूंचे तलम वस्त्र असा होता. म्हणजे तागाच्या व जवसाच्या कामकऱ्यांचा जुना शब्द कापसाच्या कामकऱ्यांच्या नशिबी आला. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी छाती आवळल्यासारखी वाटणे हे या व्याधीचे पहिले लक्षण होय. रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात लँकेशायरच्या कामगारांची पाहणी करून तिच्या पायऱ्या निश्चित केल्या. डोळ्यांना दिसणाऱ्या तंतूंपेक्षा न दिसणारी सूक्ष्म धूळ अधिक घातक असते, ही गोष्टही पुढे स्पष्ट झाली. बोंडाभोवतालच्या पाल्याचा चुरा आणि त्यावरील जीवाणूंची विषद्रव्ये तिच्यात असतात. तेव्हा यंत्र स्वच्छ दिसणे आणि हवा स्वच्छ असणे या भिन्न गोष्टी ठरतात.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुढेही तीच चूक नव्या रूपात झाली. ओठांच्या जागी दाबाखालील हवेची नळी आली. तिच्या झोताने मार्गदर्शक कड्या, ताण देणाऱ्या चकत्या आणि सुताच्या घोड्या क्षणात साफ होत. परंतु यंत्रावर बसलेली धूळ त्यामुळे खोलीभर पसरे. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीविषयी मानके केली तेव्हा सूतनिर्मितीसाठी घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम व विणकामासाठी ७५० मायक्रोग्रॅम अशा मर्यादा घातल्या, आणि अन्य मार्ग शक्य असेल तेथे अशा झोताने सफाई करण्यास मनाई केली. मालकांच्या संघटनेने या मानकांस आव्हान दिले. १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती मुख्यतः उचलून धरली.

आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला तो लँकेशायरच्या यंत्रांवर, आणि इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला. यंत्रांबरोबर त्यांची धूळही आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे चौदावे कलम धूळ व वाफ यांविषयी होते, आणि तिसऱ्या परिशिष्टात बायसिनोसिसची गणना कळविण्यायोग्य व्याधींत केली होती. त्या कलमाचा भर धूळ श्वासावाटे आत जाऊ न देण्यावर आणि शक्यतो तिच्या उगमाजवळच ती ओढून घेण्यावर होता.

धोट्याविना चालणाऱ्या मागांवर आता सूत एका फिरत्या भरणयंत्रातून पुरविले जाते. त्यातील प्रकाशावर चालणारे संवेदक तंतूंनी झाकले गेले की यंत्र चुकते, म्हणून त्यांच्या स्वच्छतेची काळजी आपोआप घेतली जाते. कामगाराच्या फुप्फुसास अशी सूचना देऊन यंत्र थांबविता येत नाही. तात्पर्य, धूळ यंत्रावरून हलली एवढ्याने भागत नाही. ती कोठे गेली हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. धोट्याच्या इतिहासात हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला, आणि त्या विलंबाचे मोल विणकरांनी आपल्या श्वासाने दिले.