वजनाचा काटा आणि संप्रेरकांचा तोल

बुलडाणा जिल्ह्यातील चिखली तालुका हा सोयाबीन, कपाशी, तूर आणि हरभरा पिकविणारा शेतीप्रधान भाग. या तालुक्यातील उंद्रीसारख्या गावांत स्थूलता हा शहरातील सुखवस्तू लोकांचा विकार, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती आता टिकणारी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील साधारण दर पाच स्त्रियांमागे एक स्त्री अशक्त वजनाची आढळली, तर जादा वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण त्याहून किंचित अधिकच निघाले. कुपोषण आणि स्थूलता एकाच राज्यात, अनेकदा एकाच घरात, शेजारी शेजारी नांदत आहेत. वजन वाढलेल्या व्यक्तीला घरचे ‘खादाड’ वा ‘आळशी’ ठरवितात, तर ती व्यक्ती स्वतः ‘थायरॉइड असेल’ असे म्हणून मोकळी होते. या दोन्ही निष्कर्षांत घाई आहे. वजनामागे संप्रेरकांचा, म्हणजेच हॉर्मोन्सचा वाटा नेमका किती आणि कोठे असतो, हे समजून घेतल्यास बराच खर्च आणि मनस्ताप वाचू शकतो.

भुकेचे निरोप्ये

संप्रेरके म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींनी रक्तात सोडलेली रासायनिक द्रव्ये. शरीराच्या एका भागाचा निरोप ती दुसऱ्या भागाला पोहोचवितात. जेवण झाल्यावर रक्तातील साखर वाढते, तेव्हा स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. ते साखर स्नायूंत पोहोचविते आणि उरलेली ऊर्जा चरबीच्या रूपाने साठविण्यास मदत करते. रिकामे जठर ‘घ्रेलिन’ सोडून भूक लागल्याची वर्दी देते. चरबीच्या पेशी ‘लेप्टिन’ सोडून साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळवितात. लेप्टिनचा शोध अमेरिकेत १९९४ मध्ये, तर घ्रेलिनचा जपानमध्ये १९९९ मध्ये लागला. चरबी ही निव्वळ साठवणीची कोठी नसून स्वतःच एक स्रवणारा अवयव आहे, ही गोष्ट लेप्टिनच्या शोधानंतर ठळकपणे पुढे आली.

स्थूल व्यक्तीच्या रक्तात लेप्टिन कमी नसते, बहुधा भरपूर असते. मात्र मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. इन्शुलिनचेही तसेच होते. पोटातील चरबी वाढली, की स्नायू आणि यकृत इन्शुलिनला दाद देईनासे होतात, स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडते आणि हे चक्र वाढत जाते. यालाच इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात. मधुमेहाची पायाभरणी येथेच होते.

पुण्याजवळील सहा गावांचा धडा

या विषयातील मोलाचे संशोधन महाराष्ट्राच्याच ग्रामीण भागात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. भारतीय बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे नाळेतील रक्ताच्या तपासणीत भारतीय बाळांमध्ये वजनाच्या मानाने इन्शुलिन आणि लेप्टिन अधिक आढळले. ‘बारीक, पण चरबीयुक्त’ असे भारतीय शरीराचे वर्णन यातूनच रूढ झाले.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा वजन-उंची निर्देशांक सारखाच, २२.३ होता. चरबी मात्र डॉ. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनाचा काटा हा फरक दाखवीत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांक २३ च्या पुढे गेला की सावध व्हावे आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत राखावा, असे तज्ज्ञ सांगतात. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले असेल, तर वजन ‘योग्य’ असूनही धोका असतो.

थायरॉइडचा दोष किती?

गळ्यातील अवटु ग्रंथीचे, म्हणजेच थायरॉइडचे संप्रेरक शरीरातील ऊर्जेच्या वापराचा वेग ठरविते. ते कमी पडले, तर थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे आणि पाळीतील अनियमितता ही लक्षणे दिसतात. वजनही वाढते, परंतु ही वाढ बहुधा दोन ते पाच किलोंची असते आणि तिच्यातील मोठा भाग शरीरात साचलेल्या मीठ-पाण्याचा असतो. वीस किलो वाढलेल्या वजनाचे खापर एकट्या थायरॉइडवर फोडता येत नाही. निदानासाठी टीएसएच ही रक्ततपासणी पुरेशी सोपी आहे.

गोळी सुरू झाली असल्यास ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा किंवा नाश्ता टाळावा. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. सोयाबीन हे चिखली परिसराचे प्रमुख पीक असल्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सोयाबीनमुळे या गोळीचे शोषण मंदावते. सोयाबीन वर्ज्य करण्याचे कारण नाही. फक्त ते गोळीच्या वेळेजवळ खाऊ नये. थायरॉइड सुदृढ असताना केवळ वजन घटविण्यासाठी ही गोळी घेणे मात्र हृदयाला आणि हाडांना घातक ठरते.

काळी मान आणि चुकलेली पाळी

तरुण मुलींच्या बाबतीत अधिक लक्ष देण्याजोगा विकार म्हणजे पीसीओएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो आणि त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांचे निदानच झालेले नसते. यात इन्शुलिन वाढल्याने बीजकोषांतून पुरुषी संप्रेरके अधिक स्रवतात. पाळी लांबते, चेहऱ्यावर केस व मुरुमे येतात, वजन पोटाभोवती वाढते. मानेवरची त्वचा काळी आणि मखमलीसारखी जाडसर होणे ही बहुधा अस्वच्छतेची नव्हे, तर वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते. ती घासून जात नाही. लग्नाच्या वयातील मुलीच्या बाबतीत हा विषय झाकून ठेवला जातो आणि उपचाराची वर्षे निघून जातात. वास्तविक वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटले, तरी अनेकींची पाळी नियमित होते. चाळिशीच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन घटू लागले, की स्त्रियांची चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. हा बदल स्वाभाविक असला, तरी त्या वयात साखर आणि रक्तदाब तपासणे अगत्याचे ठरते.

अंगावर मांस आणणाऱ्या गोळ्या

दुसऱ्या टोकाला ‘अंग भरण्यासाठी’ गोळ्या वा पावडर घेणारे कृश तरुण आहेत. अशा काही उत्पादनांत डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड मिसळलेले आढळते. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या बेनामी पुड्यांतही ते असू शकते. भूक वाढते, चेहरा गोल होतो, वजन चढते आणि औषध लागू पडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात हातापायांचे स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, साखर व रक्तदाब वाढतो. पोटावर रुंद जांभळट वळ उमटणे हे याचे महत्त्वाचे लक्षण. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी थांबविणेही धोक्याचे असते, कारण मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींनी आपले काम तोवर थांबविलेले असते. पुडी टाकून न देता ती घेऊन डॉक्टरांकडे जाणे शहाणपणाचे.

झोप, श्रम आणि पुन्हा चढणारे वजन

रब्बीच्या हंगामात रात्री वीज मिळते म्हणून शेतकऱ्यांना रात्ररात्र ओलित करावे लागते. या जागरणाचा भुकेशी थेट संबंध आहे. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोप दिली. पुरेशा झोपेच्या तुलनेत त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. गोड, खारट व पिष्टमय पदार्थ खाण्याची इच्छाही वाढली. दुसरीकडे, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि तणनाशकामुळे शेतीतील अंगमेहनत घटली आहे. ताटातील भाकरीचा आकार मात्र बऱ्याच घरांत पूर्वीचाच आहे.

कडक उपासाने उतरलेले वजन परत का चढते, याचेही उत्तर संप्रेरकांत आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या अत्यल्प आहारानंतर वर्ष उलटूनही सहभागी व्यक्तींचे भुकेचे संप्रेरक पूर्ववत झाले नव्हते. वजन पुन्हा वाढणे हा केवळ मनाचा दुबळेपणा नसतो. सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड ही आतड्यातील संप्रेरकांसारखी काम करणारी इंजेक्शने याच भुकेला आवर घालतात. वजन घटविण्यासाठी ती २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाली. त्यांचा गुण मोठा आहे, परंतु सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परतल्याचे दिसून आले आहे. गर्भवतींनी ती घेऊ नयेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीविना तर कोणीच घेऊ नयेत.

करावे काय?

प्रथम कंबर मोजावी. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीनंतरच्या व्यक्तींची रक्तदाब व साखरेची तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा. टीएसएच आणि इतर तपासण्या लक्षणे पाहून डॉक्टर ठरवितात. सरसकट ‘हॉर्मोन पॅकेज’ करून घेण्याची गरज नसते.

आहारात तुरीचे वरण, मोड आलेली कडधान्ये, दही किंवा अंडे यांना आधी जागा द्यावी. मग पालेभाजी आणि त्यानंतर मोजकी भाकरी वा भात. साखरेचा चहा दिवसाकाठी किती कप होतो, हे प्रामाणिकपणे मोजावे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास स्नायू रक्तातील साखर उचलतात आणि इन्शुलिनवरचा भार हलका होतो. बैठका, वजन उचलणे यांसारखे स्नायू बळकट करणारे व्यायाम आठवड्यातून दोनदा करावेत. महिन्याकाठी एक-दोन किलोंची घट पुरेशी आहे. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के घटीनेही साखर, रक्तदाब आणि पाळी यांत सुधारणा दिसू लागते.

वजन अचानक वाढणे वा घटणे, पाळी तीन महिने न येणे, अंगावर जांभळे वळ, सतत तहान आणि वारंवार लघवी यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. संप्रेरकांचे बहुतेक विकार वेळेवर ओळखल्यास आटोक्यात राहतात.