पातळ बिअरची कैफियत

पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. त्यानंतरच्या दीड दशकात मुंबई-पुण्याच्या बिअर पिणाऱ्यांत एक नवी वर्णव्यवस्था रुजली. वरच्या पायरीवर मायक्रोब्रुअरीत बसून हेफेवायझेन, बेल्जियन विट किंवा आयपीए मागवणारा. खालच्या पायरीवर परमिट रूममध्ये ‘एक चिल्ड स्ट्राँग’ सांगणारा. पहिल्याला रुची आहे आणि दुसऱ्याला नुसती तहान, असं आता सुशिक्षित बैठकीत कुणी सिद्ध करत बसत नाही, धरूनच चालतं. या समजुतीत चव, दर्जा आणि ऐपत या तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या, की तिच्यात फारसं काही उरत नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही पुऱ्या ताकदीनिशी. कारखान्यातली लागर पातळ असते. हॉप्सचा कडवटपणा नावाला, माल्टची चव त्याहून कमी. जवाच्या जोडीला तांदूळ, मका, साखर घालून ती स्वस्तात उरकलेली असते. ती बर्फगार पितात, कारण गारठ्याने जीभ बधिर होते आणि चव नसल्याचं झाकलं जातं. याउलट क्राफ्ट बिअर थोड्या प्रमाणात, कसबी माणसाच्या देखरेखीखाली, ताजी बनते आणि तिच्यात वैविध्य असतं. ती एकदा कळली की माणूस मागे फिरत नाही. म्हणून स्वस्त लागर आवडणं हे अशिक्षित जिभेचं लक्षण. यातली काही विधानं खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

पहिला आक्षेप पातळपणाचा. बोहेमियातल्या पिल्झेन गावात १८३८ साली लोकांनी बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली, वर्गणीने नवी ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिल्यांदा बनवलेली स्वच्छ, सोनेरी लागर ही आजच्या जवळजवळ प्रत्येक कारखानी बिअरची पूर्वज. म्हणजे ज्या बिअरला आज मागासलेली म्हणतात, ती तिच्या काळी असमाधानी, चोखंदळ गिऱ्हाइकांनी घडवून आणलेली क्रांती होती.

आणि ती बनवायला सोपी नाही. एल जातीची बिअर १८ ते २२ अंशांना काही दिवसांत आंबते. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांच्या थंडीत सावकाश काम करतं, आणि त्यानंतर बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे मुरत ठेवावी लागते. तेवढे दिवस टाकी अडकून पडते. मायक्रोब्रुअरीच्या फळ्यावर गव्हाच्या बिअर आणि एल यांची गर्दी दिसते, त्यामागे रुचीइतकंच टाकीचं हे गणितही असतं. शिवाय पातळ लागरमध्ये चूक लपत नाही. डायअसिटिल हे रसायन किंचित जास्त राहिलं की थिएटरमधल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास येतो. उकळणं नीट झालं नाही की उकडलेल्या मक्याचा. आत हवा शिरली की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याचा. आयपीएमध्ये मूठभर हॉप्स यातलं बरंच पोटात घालतात. पांढऱ्या सदऱ्यावर डाग दिसतो, नक्षीच्या शर्टावर दिसत नाही; त्यावरून पांढरा सदरा शिवणारा शिंपी अडाणी ठरत नाही.

कारखाना म्हणजे अडाणीपणा, हा समज इतिहासाला धरून तर मुळीच नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सनने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं आणि कंपनीने ते इतर ब्रुअऱ्यांनाही खुलं केलं. आज शाळेतली मुलं शिकतात ती पीएच मोजपट्टी त्याच प्रयोगशाळेत सोरेनसनने १९०९ मध्ये मांडली. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातल्या विल्यम गॉसेटने मोजक्या नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढावा याचं गणित १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. संख्याशास्त्राचे विद्यार्थी अजून ते वापरतात. लाखो बाटल्यांत तीच चव उतरवणं हे एक कसबच आहे. त्याचं कौतुक होत नाही, कारण ते साधलं की जाणवतच नाही.

दुसरा आक्षेप भेसळीचा. तांदूळ आणि मका म्हणजे बनवाबनवी, असं म्हणणारे १५१६ सालच्या बव्हेरियन शुद्धता-फर्मानाचा दाखला देतात. त्या फर्मानात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच सांगितलं आहे. ते अक्षरशः लावायचं तर गव्हाची हेफेवायझेन आधी बाद होते, आणि धणे व संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट तिच्या मागोमाग. म्हणजे पुण्या-मुंबईत क्राफ्टची ओळख ज्या दोन बिअरनी करून दिली, त्या दोन्ही या कसोटीवर नापास. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात तांदूळ-मका आला, त्याला तांत्रिक कारणही होतं. तिथल्या सहा ओळींच्या जवात प्रथिनं जास्त, त्याची बिअर गढूळ आणि जड होई. तांदूळ-मक्याने ती हलकी आणि नितळ झाली. पुढे कंपन्यांनी काटकसरीसाठी हे प्रमाण ताणलं, हेही खरं. पण मग आक्षेप प्रमाणावर घ्या, धान्यावर नको. अलीकडे क्राफ्टवाल्यांनीही तांदळाची लागर काढायला सुरुवात केली आहे. तिथे तांदूळ आला की तो प्रयोग, आणि कारखान्यात आला की भेसळ, हा न्याय कुठला?

भेसळीच्या संशयाची आपली खास देशी आवृत्ती म्हणजे ग्लिसरीन. बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची आणि खाली उतरणारी पिवळसर धार दाखवून म्हणायचं, ‘बघ, ग्लिसरीन निघालं.’ ती धार बिअरचीच असते. बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने ती खाली सरकते. ग्लिसरीन यीस्ट आंबवतानाच थोडं तयार करतं, आणि ते विरघळलेलं असल्याने असं वेगळं होऊन निथळत नाही. क्राफ्ट बिअरमध्येही ते असतंच. फक्त मायक्रोब्रुअरीचा ग्लास कुणी उलटा करून पाहत नाही.

तिसरा आधार लहान आकाराचा आणि स्थानिकपणाचा. लहान म्हणजे किती? अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची क्राफ्टची मर्यादा आधी वर्षाला २० लाख बॅरल होती. सॅम्युअल ॲडम्स बनवणारी बॉस्टन बिअर कंपनी त्या रेषेजवळ पोहोचली, तेव्हा २०१० च्या अखेरीस मर्यादा ६० लाखांवर नेली गेली. लिटरमध्ये सांगायचं तर सुमारे ७० कोटी. मका-तांदूळ वापरणाऱ्या ब्रुअऱ्यांना बाहेर ठेवणारी अटही २०१४ मध्ये काढली, आणि युएंगलिंगसारखी जुनी, मोठी ब्रुअरी क्राफ्टमध्ये जमा झाली. बिअर तीच राहिली, पंगत बदलली. व्यापारी संघटनेने आपली व्याख्या सैल करण्यात गैर काही नाही. पण तिच्यावर जिभेची प्रतवारी उभारणं गैर आहे.

स्थानिकपणाचं तर आपल्याकडे उलटंच चित्र दिसतं. देशी मायक्रोब्रुअऱ्यांचा माल्ट बऱ्याचदा जर्मनीहून येतो, हॉप्स जर्मनी-अमेरिकेहून. कारखानी बिअरमध्ये राजस्थान-हरियाणाचा जव असतो, हॉप्स मात्र तिथेही परदेशी. पाण्याचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. मोठा, आधुनिक कारखाना एका लिटर बिअरमागे साधारण तीन ते चार लिटर पाणी वापरतो. लहान ब्रुअरीत हा आकडा सहज सात किंवा त्याहून वर जातो. वाळूजचे बिअर कारखाने ज्या मराठवाड्यात आहेत, तिथे उन्हाळ्यात त्यांच्या पाण्यावरून वाद होतात आणि ते रास्तच आहेत. पण लहान तेवढं सात्त्विक, असं मात्र त्यातून निघत नाही.

आता सर्वांत नाजूक दावा: जाणत्या जिभेला फरक कळतोच. अ‍ॅलिसन आणि उल या संशोधकांनी १९६४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लेबल काढलेल्या बाटल्या दिल्यावर पिणाऱ्यांना आपला नेहमीचा ब्रँड साधारणपणे ओळखता आला नाही. लेबलं लावून त्याच बिअर दिल्यावर मात्र पिणाऱ्यांना सरासरीने आपलीच बिअर सरस वाटली. २००६ मध्ये ली, फ्रेडरिक आणि अ‍ॅरिएली यांनी बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे थेंब घातले. ज्यांना हे आधी सांगितलं त्यांना ती कमी आवडली. ज्यांना पिऊन झाल्यावर सांगितलं, त्यांची पसंती अजिबात न सांगितलेल्यांइतकीच राहिली. माहिती मतावर नंतर चढत नाही, ती घोटातच मिसळते, असा याचा अर्थ. यातून सगळ्या बिअर सारख्याच, असं सिद्ध होत नाही; डोळ्यांवर पट्टी बांधूनही आयपीए आणि लागर कुणालाही वेगळी ओळखता येते. सिद्ध होतं ते एवढंच, की ‘वेगळी’पासून ‘वरची’पर्यंतचं अंतर आपण बऱ्याचदा लेबल आणि बिल यांच्या आधाराने कापतो. पिएर बूर्द्यू यांनी १९७९ च्या ‘ला दिस्तँक्सिओं’ या ग्रंथात आवडीनिवडी माणसाला समाजात कुठे बसवतात हे फ्रान्सपुरतं दाखवलं. मुंबई-पुण्याच्या वीकेंडला ते लावायला फार कष्ट पडत नाहीत.

इथे कुणी म्हणेल, मग संपलंच, ज्याची त्याची आवड. ही पळवाट मला मान्य नाही. डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या रुचीविषयक निबंधात सांचो या कादंबरीतल्या पात्राच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. एकाला पिंपातल्या वाइनमध्ये कातड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी कातडी वादी बांधलेली किल्ली सापडली. रुचीत वस्तुनिष्ठ असं काहीतरी असतं, आणि जीभ कमावता येते. पण कमावलेली जीभ सांगते काय? पिंपात किल्ली आहे का, हे. लोण्याचा वास, पुठ्ठ्याचा वास, उन्हात ठेवलेल्या हिरव्या बाटलीतला कुबट वास या बिअरमधल्या किल्ल्या. त्या मायक्रोब्रुअरीच्या नळातही सापडतात आणि मे महिन्यात ट्रकमधून भाजून आलेल्या, वाइन शॉपच्या दर्शनी फळीवर पडून राहिलेल्या बाटलीतही. त्या ओळखणं म्हणजे जाणकारी. कडवटपणा जास्त म्हणून बिअर थोर, हा कमावलेल्या जिभेचा निकाल होऊ शकत नाही.

राहिला तो ‘एक चिल्ड स्ट्राँग’ सांगणारा. त्याच्यावरचा आरोप चवीचा आहे, पण त्याचा हिशेब अल्कोहोलचा आहे. ६५० मिलीच्या ८ टक्के बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल येतं. मायक्रोब्रुअरीच्या अर्ध्या लिटरच्या ५ टक्के ग्लासात २५ मिली, आणि तेही बहुधा जास्त पैसे मोजून. खिसा ठरलेला असलेल्या माणसाने पहिली बाटली उचलली, तर त्याची जीभ बोथट आहे असं ठरत नाही. त्याचा भागाकार बरोबर आहे एवढंच ठरतं. आपल्या बाजारात माइल्ड मागे पडली आणि चव सांभाळण्यापेक्षा चढण्याला महत्त्व आलं, याचं दुःख मलाही आहे. त्याचा जाब मात्र किंमत आणि कर ठरवणाऱ्यांना विचारायला हवा.

आता मंडन. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चे’त काव्याचा प्राण औचित्यात आहे असं मांडलं: अलंकार स्वतःच्या बळावर शोभत नाही, योग्य जागी शोभतो. बिअरला हीच कसोटी लागू पडते. चार-चार घोटांच्या चाचणीत ठसठशीत बिअर जिंकते, कारण चार घोटांत ठसाच लक्षात राहतो. पण मालवणच्या दमट दुपारी, समोर रवा लावून तळलेले बोंबील असताना, तेल धुऊन नेणारा बुडबुड्यांचा, कोरडा, हलका घोटच लागतो. तिथे ८० रुपयांची की ४०० रुपयांची, हा प्रश्न गैरलागू आहे. पावसाळी रात्री सावकाश प्यायची स्टाउट तिच्या जागी तितकीच खरी. लागर गार पितात ते याच उपयोगासाठी. गारठ्यात चव दबते हे पूर्वपक्षाचं म्हणणं बरोबर आहे, पण तहान भागवणं हेही पेयाचं प्रामाणिक काम आहे.

क्राफ्टचं ऋण नाकारण्याचं कारण नाही. ब्रिटनमध्ये १९७१ साली कॅमरा ही चळवळ उभी राहिली नसती, तर पिंपातली जिवंत एल बहुधा नामशेष झाली असती. आपल्याकडे मायक्रोब्रुअऱ्यांनी बिअर म्हणजे एकच पिवळी बाटली, ही कल्पना मोडली, आणि ताजेपणात तर कारखाना त्यांच्या जवळपासही येत नाही. पर्याय वाढवणं हे त्यांचं कर्तृत्व. मात्र त्या पर्यायांना पायऱ्या समजणं ही त्यांच्या गिऱ्हाइकांची चूक आहे.

म्हणून सिद्धान्त असा. बिअरला दोनच प्रश्न विचारावेत: जे व्हायला ती निघाली होती ते ती निर्दोषपणे झाली आहे का, आणि या जागी, या ताटाबरोबर ती शोभते का? तिसरं विधान ‘मला आवडते’ किंवा ‘नाही आवडत’ हे. त्याला पुरावा लागत नाही आणि त्यातून दुसऱ्याविषयी काही सिद्धही होत नाही. ब्रुअरीचा आकार, ग्लासची किंमत आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा पगार या तिन्ही बाबी चौकशीच्या कक्षेबाहेरच्या आहेत. त्या वगळून कुणाला पातळ लागरविरुद्ध खटला चालवायचा असेल, तर अवश्य चालवावा. अनेकदा तो जिंकलाही जाईल. पण तेव्हा शिक्षा त्या बाटलीला होईल, ती पिणाऱ्याला नाही.