तळटीप : ‘मटण काळं निघालं’

* काळं मटण म्हणजे जून बोकड, हा खवय्यांचा निवाडा अर्धाच खरा. वयाबरोबर स्नायूंतलं मायोग्लोबिन वाढतं आणि करडाचं फिकट गुलाबी मांस पुढे गडद होतं, हे मान्य. पण टेम्पोत तासन्‌तास उपाशी उभं राहिलेलं, बिथरलेलं कोवळं जनावरही काळपट निघतं. त्याच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन आधीच खर्ची पडलेलं असतं, त्यामुळे कापल्यावर लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होत नाही. एरवी ७ च्या आसपासचा सामू दिवसभरात ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. इथे तो ६ च्या वरच अडकतो. असं मांस बोटांना चिकटतं आणि लवकर नासतं. ताज्या कापाचा जांभळट रंग मात्र निराळा. हवा लागली की तो लाल होतो, खाटकाशी उगाच वाद नको.