मानेचं काय करणार?

२०११ साली काकाजींच्या जिभेच्या कडेला जखम झाली. चाळीस वर्षांचा खर्रा, दुसरं काय. धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून नागपूर. जिभेचा तुकडा काढला. मानेत गाठ हाताला लागत नव्हती म्हणून मानेला हात लावला नाही, तपासणीला येत राहा म्हणाले. काकाजी खूश, "गाठच नाही तं कायले कापाचं!" आठ महिन्यांनी दाढी करताना त्यांच्याच बोटाला गाठ लागली. पुढचं वर्ष काही त्यांनी पाहिलं नाही.

कित्येक वर्षं मला डॉक्टरांचा राग होता. पण त्या साली पक्कं उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं. ते शोधणं मुंबईत चालू होतं. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने २००४ ते २०१४ या काळात तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे ५९६ रुग्ण चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले. एका गटाच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनात काढल्या, दुसऱ्याच्या त्या दिसल्यावर. २०१५ मध्ये ५०० जणांचा निकाल छापून आला. तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के जिवंत, दुसऱ्यात ६७.५. शंभरात साडेबारा माणसं! आमचे काकाजी दुसऱ्या गटातले, चिठ्ठी न टाकता.

ऑपरेशननंतर रोग परतू नये हा प्रश्न अमेरिकेतही होताच. तिथे मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी १९९५ मध्ये जास्त डोसच्या इंटरफेरॉनला मंजुरी मिळाली. महिनाभर आठवड्यातले पाच दिवस शिरेतून, मग अकरा महिने आठवड्याला तीन इंजेक्शनं. ताप, गळाठा, उदासी. पहिल्या अभ्यासात आयुष्य वाढलं, पुढच्यात तसं दिसलं नाही. २०११ मध्ये आठवड्याला एकदाच टोचायचं पेग-इंटरफेरॉन आलं. त्याने रोग लांबला, आयुष्य नाही. २०१७ नंतर निवोलुमॅबसारख्या औषधांनी इंटरफेरॉनला बाजूला सारलं.

हेच महागडं निवोलुमॅब टाटाने आपल्या तोंड-घशाच्या, बरं होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना दिलं. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलीग्रॅम, इथे तीन आठवड्यांनी फक्त २०, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. १५१ रुग्ण. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने १६.३ टक्के जिवंत होते, औषध जोडल्यावर ४३.४.

तालुक्यातून कुणी तोंडाच्या ऑपरेशनला निघालं की मी कागदावर एक प्रश्न लिहून त्यांच्या खिशात घालतो. वर जो लिहिलाय तोच.