मामाचा गाल, मेणाचा ठोकळा आणि दीडशे वर्षांची रेसिपी

बस-मेट्रोच्या गोंगाटात ज्यांना आपला भाग नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा लेखी अवतार.

सुरुवात घरातूनच करतो. माझे मामा पक्के नागपूरकर. पानठेल्यावर उभं राहून पन्नीत घोटलेला खर्रा हे त्यांचं पंधरा वर्षांचं रूटीन. गेल्या मे महिन्यात गालाच्या आत पांढरट चट्टा दिसला, तोंडही पूर्ण उघडेना. डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करू. छोटा तुकडा काढला, मामीने बाटली लॅबमध्ये नेऊन दिली. चार दिवसांनी फोन आला, "तुकडा खराब झालाय, परत काढावा लागेल."

कारण काय? बाटलीत फॉर्मॅलिनऐवजी सलाईन भरलं होतं. दोन्ही दिसायला पाण्यासारखंच. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे पुन्हा कापून राह्यले का बे?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे काही बिघडलं तर मागच्या व्हर्जनवर जातो. इथे मागचं व्हर्जन मामाच्या गालात होतं.

दुसऱ्या वेळी बाटली घेऊन मीच गेलो. लॅबमधल्या टेक्निशियन ताईंना विचारलं, एवढ्याशा तुकड्याला एवढे दिवस का लागतात? त्या म्हणाल्या, "भाऊ, तुकडा बाहेर निघाला की त्याचं घड्याळ सुरू होते. ते थांबवणं हे आमचं पहिलं काम." आणि मग त्यांनी सगळं दाखवलं. त्या खोलीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू सव्वाशे-दीडशे वर्षं जुन्या कल्पनेवर चालते. आजची गोष्ट त्याचीच.

आधी ते घड्याळ. रक्तपुरवठा तुटला की पेशी स्वतःच्याच रसायनांनी विरघळायला लागतात. फॉर्मॅलिन पेशीतल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, म्हणजे सगळं आहे तिथे गोठतं. सलाईन हे करत नाही, ते फक्त मिठाचं पाणी. हा शोध अपघाताने लागला. १८९३ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचे डॉक्टर फॉर्मॅल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होते. काम करताना स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झालेली त्यांना दिसली. बोटं कडक होतात तर मग अवयवाचा तुकडाही होईल की! आजही लॅबमध्ये १० टक्के फॉर्मॅलिनच वापरतात, आणि ते तुकड्याच्या निदान दहा पट तरी हवं.

पुढचा प्रश्न कापण्याचा. सूक्ष्मदर्शकाचा उजेड आरपार जायचा तर काप ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा हवा. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या. ओला, मऊ तुकडा इतका पातळ कापलाच जात नाही. म्हणून त्याच्यात मेण भरायचं. ही युक्ती १८६९ मध्ये एडविन क्लेब्स यांनी मांडली.

पण पाणी आणि मेण यांचं पटत नाही. म्हणून मधे दोन मध्यस्थ लागतात. आधी अल्कोहोल, तेही पायरीपायरीने तीव्र करत, म्हणजे पाणी हळूहळू बाहेर पडतं. मग झायलीन, ज्याचं अल्कोहोलशीही जमतं आणि मेणाशीही. शेवटी साधारण ६० अंशांवर वितळलेलं मेण. यात रात्र जाते. घाई केली तर तुकड्याच्या मधोमध पाणी अडकून राहतं आणि काप फाटतो.

आता नागपूरची अडचण. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो. मेणाचा ठोकळा मऊ पडतो आणि पात्याखाली चुरगळतो. ताईंनी ठोकळा बर्फावर पालथा ठेवला, थोडं थांबल्या, मग मायक्रोटोमचं चाक फिरवलं. फिरत्या चाकाचं हे यंत्र १८८६ च्या सुमाराचं, अमेरिकेतल्या चार्ल्स मायनॉट यांचं. एकेक काप दुसऱ्याला चिकटत कुरडईच्या तारेसारखी सलग रिबन बाहेर आली. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, सुरकुत्या गेल्या की खालून काचपट्टी घालून अलगद उचलायची. त्या वेळी पंखा बंद. हो, मे महिन्यात!

मग रंग. रंगाशिवाय सगळं पारदर्शकच दिसतं. हिमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो. एकटा तो नीट बसत नाही, त्याला तुरटीची साथ लागते. कापडावर रंग पक्का बसवायला आपले रंगारी जी तुरटी वापरत आले, तीच. १८६५ मध्ये बोमर यांनी ही जोडी जमवली. १८७६ मध्ये विसोत्स्की यांनी त्यात गुलाबी इओसिनची भर घातली. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं, बाकी सगळं गुलाबी. आजही जगभर पहिली काचपट्टी याच दोन रंगांत तयार होते.

आता मुंबईकडे येऊ. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, आणि तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० केसेसचा आढावा प्रसिद्ध केला. जरा विचार करा. एखादी केस कॅन्सर म्हणून मोजायची तर खात्री लागते, आणि ती खात्री अशाच काचपट्टीवर होते. आढाव्यावर नाव खानोलकरांचं आहे. मेण वितळवणाऱ्या आणि चाक फिरवणाऱ्या हातांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

१९५३ मध्ये मुंबईच्याच डॉ. जोशी यांनी तोंड आखडण्याच्या एका आजाराला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. त्याचं मुख्य कारण सुपारी. काचपट्टीवर वरचा थर पातळ झालेला, आणि त्याखाली गुलाबी तंतूंचा जाड पट्टा दिसतो. आमच्या मामांच्या रिपोर्टवर हेच नाव आलं. कॅन्सर नाही. पण ज्यांना हा आजार असतो, त्यांच्यात पुढे कॅन्सर होण्याचा धोका वाढलेला असतो. मामांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि खिशातली पुडी मामीच्या हातात दिली. सुटला का, ते पुढच्या दिवाळीला सांगतो.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. घरात कुणाची बायोप्सी झाली, तर बाटली हातात घेण्याआधी विचारा: यात फॉर्मॅलिनच आहे ना? नाव आणि कुठला तुकडा, हे बाटलीवर लिहिलंय ना? झाकणावर नको, झाकणं बदलतात. दुसरं, तो मेणाचा ठोकळा लॅबमध्ये जपून ठेवतात आणि वर्षांनंतरही त्यातून नवा काप निघतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर थांबू नका, ठोकळा आणि काचपट्टी मागा.

आणि रिपोर्ट यायला चार दिवस लागले म्हणून काउंटरवर आवाज चढवण्याआधी आठवा, आत कुणीतरी ४५ डिग्रीत पंखा बंद करून तुमच्या माणसाचा काप पाण्यावरून उचलत असेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पानठेल्यावरच्या मित्राला हा भाग नक्की पाठवा!