कोऱ्या पुंगळीची साक्ष

इतिहासाचा पुरावा म्हटला की आपल्याला ताम्रपट, नाणी, शिलालेख आठवतात. पण जिच्यावर एकही अक्षर नाही, ती वस्तू काय सांगणार?

अमेरिकेत मोंटानामधील लिटल बिगहॉर्न नदीकाठी २५ जून १८७६ रोजी लाकोटा आणि शायान योद्ध्यांनी कस्टरचा पराभव केला. त्याच्यासोबतच्या तुकड्यांतील एकही सैनिक वाचला नाही. विजेत्यांच्या हकिकतींवर अनेक गोऱ्या लेखकांनी विश्वास ठेवला नाही.

१९८३ मध्ये वणव्याने तिथले गवत जळाले. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधक यंत्रांनी रणभूमी तपासली. सैन्याच्या काडतुसांच्या तांब्याच्या पुंगळ्या सापडल्या, त्या कोऱ्याच. सरकारी कारखान्याने बुडावर छाप मारणे १८७७ मध्ये सुरू केले. म्हणजे छाप नसणे हीसुद्धा एक खूणच! पुंगळीची मापे आणि बुडाजवळच्या दोन खाचा पाहिल्या, की ती स्प्रिंगफील्ड बंदुकीची हे ओळखता येते.

प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन आपला वेगळा ठसा उमटवते. सारख्या ठशांच्या पुंगळ्या नकाशावर मांडल्या, तेव्हा बंदुकांचा प्रवास दिसू लागला. अर्थात, बंदूक वाटेत दुसऱ्याच्या हाती गेलेली असू शकते, हे विसरून चालणार नाही. शेवटच्या टेकडीवर सैन्याच्या पुंगळ्या थोड्याच होत्या. सैनिकांची फळी मोडून गोंधळ उडाला, असा निष्कर्ष फॉक्स यांनी काढला. योद्धेही तेच सांगत होते.

पुरावा मुका नसतो; आपण त्याला योग्य प्रश्न विचारायला हवेत.