एका धड्याचे ऋण

छायाचित्रणाची हौस असलेल्या गृहस्थाला, ‘तुम्ही या छंदाकडे कसे वळलात?’ असे विचारले, तर तो बहुधा आपल्या कॅमेऱ्याच्या आणि भिंगाच्या गोष्टी सांगू लागतो. थोडे खोदून विचारले म्हणजे मात्र पूर्वी कधीतरी पाहिलेल्या, दुसऱ्याच कोणी काढलेल्या छायाचित्राची आठवण निघते. ते पाहून मन हेलावलेले असते आणि आपणही असे काही करून पाहावे, ही इच्छा तेथेच जन्मलेली असते. हे ऋण मोकळ्या मनाने बोलून दाखविणारे थोडे. त्या थोड्यांपैकी एका बाईंची हकिगत आज मी आपणांस सांगणार आहे.

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यास झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत होते. १८३६ मध्ये प्रकृतीला आराम पडावा म्हणून त्या दक्षिण आफ्रिकेत केप येथे गेल्या असता त्यांची दोन माणसांशी गाठ पडली. एक, मेकॉलेच्या लॉ कमिशनचे सभासद चार्ल्स हे कॅमेरॉन. १८३८ मध्ये कलकत्त्यास त्यांच्याशी बाईंचा विवाह झाला. दुसरे, दक्षिणेकडील आकाशाचे वेध घेण्यासाठी तेथे येऊन राहिलेले ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल. छायाचित्र प्रकाशात काळवंडू नये म्हणून ते ‘हायपो’च्या द्रावणात पक्के करण्याची युक्ती या हर्शेलसाहेबांची, ‘निगेटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह’ हे शब्दही या विद्येत त्यांनीच रूढ केले. १८४२ मध्ये त्यांनी नव्या कलेचे काही नमुने कलकत्त्यास धाडले. बाईंनी पाहिलेली पहिली छायाचित्रे ती हीच.

मात्र पाहणे आणि स्वतः करणे यांत एकवीस वर्षांचे अंतर पडावयाचे होते. १८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडास गेले आणि १८६० मध्ये वाइट बेटावर फ्रेशवॉटर येथे कवी टेनिसन यांच्या शेजारी स्थायिक झाले. चार्ल्स यांचे कॉफीचे मळे सिलोनमध्ये होते. घरात एकाकीपण वाटू लागले, तेव्हा आईचे मन रमावे म्हणून कन्या आणि जावई यांनी १८६३ च्या डिसेंबरात एक कॅमेरा भेट दिला. बाईंचे वय त्या वेळी अठ्ठेचाळीस होते. त्यांनी कोळशाची कोठी रिकामी करून तिची अंधारी खोली केली आणि काचा बसविलेल्या कोंबड्यांच्या खुराड्याची चित्रशाळा केली.

ते काम आजच्यासारखे सोपे नव्हते. जड काचेवर कलोडियनचा चिकट थर पसरावयाचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावयाची आणि थर ओला आहे तोवर चित्र घेऊन धुऊन काढावयाचे. वाळली की काच फुकट! समोर बसलेल्या माणसाला कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. हातांना आणि कपड्यांना रसायनाचे काळे डाग पडत, ते जाता जात नसत.

ही विद्या बाई कोणाकडून शिकल्या? ऑस्कर रेलांडर या नामांकित छायाचित्रकाराचे फ्रेशवॉटरला येणे होते. स्वतःचा कॅमेरा येण्यापूर्वीच बाईंनी त्यांच्या निगेटिव्हवरून कागदी प्रती काढून पाहिल्या होत्या. पण ज्यांच्या कामाने त्यांना खरी दिशा दाखविली, ते डेव्हिड विल्की विनफील्ड. हे धंद्याने चित्रकार आणि छायाचित्रणात हौशी. आपल्या चित्रकार मित्रांना जुन्या काळचे पोशाख घालून ते त्यांचे चेहरे अगदी जवळून, मऊ, किंचित अस्पष्ट रेषांत टिपीत. १८६४ मध्ये त्यांनी या चित्रांचा संच प्रसिद्ध केला, तोही ‘एका हौशीने काढलेली चित्रे’ म्हणून. बाईंनी त्यांच्याकडून एकच धडा घेतला. पुढे अडचण आली की त्या पत्राने सल्ला विचारीत.

बाईंनी विनफील्ड यांचे अनुकरण केले काय? तसे म्हणता येणार नाही. विनफील्ड यांच्या चित्रांत पोशाखाचा थाट असे. बाईंनी आपली थोर माणसे टिपताना पुष्कळदा तो थाटही काढून टाकला. १८६७ मध्ये त्यांनी वृद्ध हर्शेल यांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी केस धुवावयास लावून ते मोकळे विस्कटू दिले, अंगाभोवती काळे वस्त्र लपेटले आणि अंधारातून केवळ तो चेहरा उजळविला. केपच्या भेटीपासून तीस वर्षांचा स्नेह त्या चित्रात साठलेला आहे.

तत्कालीन जाणकारांना हे मानवले नाही. चित्रे अस्पष्ट आहेत, काचेवर डाग आणि ओरखडे आहेत, अशी टीका छायाचित्रणाच्या नियतकालिकांतून झाली. आपली पहिली यशस्वी चित्रे अस्पष्ट निघाली ती योगायोगाने, हे बाईंनी स्वतःच सांगून ठेवले आहे. भिंग फिरविता फिरविता जेथे चेहरा सुंदर दिसला, तेथेच त्या थांबल्या. इतरांप्रमाणे अधिक रेखीवपणासाठी पुढे गेल्या नाहीत. खरा फोकस कोणता हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न त्यांनी हर्शेल यांना पत्रातून विचारला होता. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८६५ मध्ये त्यांची चित्रे विकत घेतली आणि १८६८ मध्ये कामासाठी दोन खोल्याही दिल्या.

कीर्ती होऊ लागल्यावर माणूस आपल्या गुरूचे नाव हळूच गाळतो, असा अनुभव आहे. बाईंनी उलट केले. १८६६ मध्ये एका पत्रात त्यांनी लिहिले, की आपले सारे प्रयत्न आणि म्हणूनच सारे यशही विनफील्ड यांच्या सुंदर छायाचित्रांचे देणे आहे. शिकणे एका धड्याचे, पण ऋण मानले ते सर्वस्वाचे!

१८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला गेले आणि २६ जानेवारी १८७९ रोजी बाईंनी तेथेच देह ठेवला. पुढे १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी आपल्या ‘कॅमेरा वर्क’ त्रैमासिकात त्यांची चित्रे छापली. कौतुकाचा धागा असा पुढच्या हातात गेला. विनफील्ड यांचे नाव आज चित्रकलेच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही. जे घेतात, त्यांतील पुष्कळांना ते या बाईंच्या कृतज्ञतेमुळे ठाऊक झालेले असते. आपल्यापैकी ज्यांच्या हाती कॅमेरा असेल, त्यांनी आपले चांगले चित्र कोणाला दाखविताना, आपण कोणाचे चित्र पाहून हे शिकलो, तेही सांगावे. त्याने आपल्या चित्राचे मोल उणे होत नाही.